नाही म्हटल्यावर पुढं काय?

आमच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सातनंतर नुसती झुंबड असते, त्यातच त्या आजी आल्या. हातात चिठ्ठी नाही, गोळ्यांचं रिकामं पाकीट फक्त. अल्प्राझोलम पॉइंट फाइव्ह. "एवढं दे गं बाळा, झोपेची आहे."

ही गोळी शेड्यूल एच वनमध्ये येते, म्हणजे ज्यांच्या विक्रीवर जास्त कडक नियम आहेत अशा औषधांच्या सरकारी यादीत. २०१४ पासून नियम असा की चिठ्ठी पाहिजेच, शिवाय डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. आणि कायदा राहू दे, माझंही ठरलेलं आहे. डी.फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, झाल्या झाल्या एका दुकानानं ऑफर दिलेली, तू फक्त सर्टिफिकेट भिंतीला लाव, घरी बसून महिन्याला पैसे घे. आईबाबांना पण त्यात काही वावगं वाटलं नव्हतं!! तेव्हाच ठरवलं, माझं सर्टिफिकेट जिथं तिथं मी उभी. आणि चिठ्ठी नसेल तर या गोळ्या नाहीत, मालकांचा मेव्हणा आला तरी नाहीत. (तो आलेला. वेगळा किस्सा आहे.)

तर आजींना नाही म्हटलं, आणि एरवी मी पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले असते, पण त्यांचा काउंटरवरचा हात थरथरत होता. विचारलं कधीपासून घेताय, तर म्हणे हे गेल्यापासून, दोन वर्षं झाली असतील, रोज एक, मुलगा पुण्याहून पाठवायचा, पण आता संपून दोन दिवस झाले आणि डोळ्याला डोळा नाही, घाम फुटतोय सारखा. आता इथं माझं डोकं फिरलं. कारण इतके दिवस रोज घेतलेली ही गोळी एकदम बंद केली की नुसती झोप जात नाही, काहींना फिट पण येते. म्हणजे दिली तर चूक आणि नाही म्हणून घरी पाठवलं तर ते पण धोक्याचंच.

मुलाला फोन लावून दिला. तो म्हणाला, माझा मित्र डॉक्टर आहे, आत्ता व्हॉट्सॲपवर चिठ्ठी पाठवतो, द्या तुम्ही. मी सांगितलं की २५ मार्च २०२० ला टेलिमेडिसिनच्या गाइडलाइन्स आल्या ना, त्यात एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्याखालची औषधं फोनवरून लिहून देता येत नाहीत, आणि ही त्यातलीच. "ताई, तुम्ही दुकानात आहात की कोर्टात?" आणि ठेवला फोन. त्याचा राग मी समजू शकते, आई एकटी सांगलीत आणि हा तिकडं.

मागच्या गल्लीत एक डॉक्टर नऊपर्यंत बसतात. आजींना एकटं पाठवायचं माझ्यानं होईना आणि काउंटर सोडायचं तर माझाच पहिला नियम मोडतोय, फार्मासिस्ट नसताना चिठ्ठीवरचं औषध देताच येत नाही. शेवटी पोऱ्याला सांगितलं, मी येईपर्यंत शाम्पू, डायपर, बिस्किटं, एवढंच विक, गोळीला हात लावायचा नाही, चिठ्ठीवाल्यांना थांबव. दोघंतिघं वैतागून दुसरीकडं गेले म्हणे. जाऊ देत.

डॉक्टरांनी बीपी बघितला, सगळं नीट विचारून घेतलं आणि दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करत न्यायची असं लिहून दिलं. परत येऊन रजिस्टरला नोंद केली, गोळ्या दिल्या. आजी आता चिठ्ठी घेऊनच येतात, आणि दर वेळी "ही पूर्वीची कडक नाही गं" अशी तक्रार.

त्या दिवसापासून काउंटरच्या काचेखाली मी जवळपासच्या डॉक्टरांच्या वेळा लिहून ठेवल्यात, रात्री कोणीच नसेल तर सिव्हिल. नाही म्हणायचंच असेल तर कुठं जा हे पण मीच सांगायचं, हा माझा नवीन नियम.

मालक मात्र जाम चिडले. "एफडीएचे औषध तपासणीवाले आले असते म्हणजे?" तसं त्यांचं बरोबरच होतं. म्हटलं, तेवढ्या वेळाचा पगार कापा. कापला नाही, पण पोऱ्याला बाजूला घेऊन दोनदा विचारलं, नक्की बिस्किटंच विकलीस ना?