आमची वाटचाल : आधी पाणी, मग रंग

घराचं रिनोव्हेशन करायचं ठरलं की नाशिकचं गिऱ्हाईक आधी टाइल्सच्या शोरूमला जातं. आम्ही आधी गच्चीवर जातो. या एका सवयीवर आमची फर्म उभी राहिली. ती सवय एकदाच मोडली, आणि फर्म बुडता बुडता वाचली.

सुरुवात जुन्या नाशकातल्या वाड्यांपासून झाली. भद्रकाली, रविवार कारंजा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्या. भांडवल आमचं, हात मिस्त्रींचा. त्यांच्या पिशवीत ओळंबा, गुण्या, दोन थापी आणि पाणसळीची पारदर्शक नळी. आज लेझर आहे, पण उघड्या गच्चीवर उन्हात त्याची रेघ दिसत नाही. तिथे ढाळ अजूनही नळीनेच बघतो.

वाड्यांनी शिकवलेली गोष्ट म्हणजे चुन्या-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावायचा नाही. ओल पायातून वर चढते. चुना तिला बाहेर पडू देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. कोंडलेली ओल आणखी वर जाते, लोणा (पांढरे क्षार) फुटतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. असा गिलावा काढायचा, सांधे पाऊण इंच खरवडायचे, चुना-वाळू १:३ घेऊन दोन थर द्यायचे आणि वरून चुन्याचाच हात. प्लॅस्टिक पेंट मारला तर सगळी मेहनत वाया. सागाच्या तुळया मधे ठणठणीत दिसतात, त्या कुजतात भिंतीत शिरलेल्या टोकाशी. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर रंगाचं नंतर बघू, आधी टेकू लावा.

पुढची काही वर्षं बरी गेली. सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोडची कामं मिळाली.

मग २०१६ उजाडलं. मे महिन्यात एका सोसायटीची तीन हजार चौरस फुटांची गच्ची घेतली. जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा ढाळाचा थर, हातोडीने वाजवला तर बऱ्याच ठिकाणी भद्द आवाज येत होता, म्हणजे खाली पोकळ. तो उतरवायलाच हवा होता. पाऊस तोंडावर आणि कमिटीची घाई, म्हणून वरूनच कोटिंग मारायला आम्ही होकार दिला. ही चूक आमचीच, ती आम्ही लपवत नाही. २ ऑगस्टला गोदावरीला पूर आला, त्या आठवड्यात वरच्या चारही फ्लॅटमध्ये छत ठिबकत होतं.

कारण साधं आहे. विटांच्या रोड्यांचा कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरून कोटिंगने तोंड बंद केलं की उन्हाने आतली वाफ फुगते, कोटिंगला फोड येतात आणि तिथेच ते फाटतं. शिवाय पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) गिलाव्यामागून पाणी कोब्याखाली शिरत होतं, तिकडे आम्ही हातच लावला नव्हता.

दुरुस्ती आमच्या खर्चाने करून देतो, असं आम्ही लेखी दिलं होतं. पण तोवर दुसऱ्या एका ठेकेदाराने आमच्या फोडांचे फोटो मोबाइलवर गंगापूर रोडभर फिरवले, ‘यांचं केमिकलच बोगस’ म्हणून काम घेतलं आणि जुन्या कोब्यावर ४ इंचांचा नवा कोबा चढवला. ४ इंच कोब्याचं वजन दर चौरस फुटाला साधारण १७-१८ किलो, म्हणजे त्या गच्चीवर ५० टनांहून जास्त बोजा. स्लॅब त्यासाठी डिझाइन केलेला नसतो. हे आम्ही कमिटीला सांगितलं तेव्हा ते आमची पोटदुखी समजले. आमची चाळीस टक्के रक्कम अडकली. नोव्हेंबरात नोटाबंदी आली. शनिवारचा पगार रोख द्यावा लागतो आणि रोख नव्हती. अर्धी गँग त्याच ठेकेदाराकडे गेली. मिस्त्रींनी मात्र तीन महिने एक पैसा मागितला नाही.

दोन पावसाळ्यांनी त्याच सोसायटीचा फोन आला. आम्ही एकच अट घातली : दोन्ही कोबे उतरणार. मोठा ब्रेकर न लावता छन्नी आणि छोट्या मशीनने फोडले. राबिट (फोडलेला राडारोडा) गच्चीच्या मधोमध न साठवता रोजच्या रोज खाली. स्लॅबच्या भेगा इंग्रजी व्ही आकारात कापून भरल्या, पाइपांभोवती नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारं भरण), कडेला वाटा, म्हणजे कोपऱ्यात गोलसर भरण. पॅरापेटच्या गिलाव्यात एक फूट उंचीवर खाच मारून कोटिंग त्या खाचेत नेलं. कोटिंगचे दोन हात, पहिला आडवा, दुसरा उभा. आळी (छोटे बांध) बांधून ७२ तास पाणी उभं केलं आणि खालचं छत कोरडं दिसल्यावरच नवा कोबा टाकला. ढाळ १:१००, म्हणजे २० फुटांत जवळजवळ अडीच इंच. ती गच्ची आजही कोरडी आहे. आमची जुनी चाळीस टक्के रक्कम मात्र अजून आलेली नाही.

त्या वाईट काळात आमच्यावर भरवसा ठेवला तो इंदिरानगरच्या काकूंनी. त्यांच्या हॉलच्या छताला ओलीचा डाग होता. इतरांनी त्याखाली फॉल्स सीलिंग सुचवलं होतं. काकू स्टुलावर चढून दर दोन महिन्यांनी डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारत आणि शेजारी तारीख लिहीत. आम्ही गेलो तेव्हा तिथे पाच रेघा होत्या. एप्रिलची रेघ ऑगस्टच्या बाहेर गेलेली. पावसाळ्यातच डाग वाढला तर गच्ची किंवा बाहेरची भिंत संशयित. उन्हाळ्यातही वाढला तर नळ किंवा बाथरूम. वरच्या फ्लॅटचं बाथरूम उघडलं, नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याशी सिमेंट सुटलेलं होतं.

बाथरूममध्ये लोक फक्त टाइल्स बदलतात आणि तिथेच फसतात. संक स्लॅबपर्यंत (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबपर्यंत) उकरा. जुने जीआय (लोखंडी) पाइप आतून गंजाने बुजलेले असतात, सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचे) टाका आणि बुजवण्याआधी प्रेशर टेस्ट घ्या. कोटिंग भिंतीवर एक फूट, शॉवरकडे सहा फूट चढवा. इथेही पाणी उभं करून बघा. टाइल्स लावायच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे टेप धरून फोटो काढा. पुढे टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारणाऱ्याला ते फोटो लागतील.

छताच्या सळया दिसत असतील तर त्यावर नुसता गिलावा थापू देऊ नका. टेकू द्या, सळईच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढा, वायरब्रशने गंज घालवा, गंजरोधक लावा, मग बाँड कोट (चिकटवणारा हात) ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला मसाला). सळई पाव हिश्श्याहून जास्त झिजली असेल तर शेजारी नवी बांधायची, ८ मिमीच्या सळईला ४०० मिमी लॅप (जुन्या-नव्या सळईचा एकमेकींवर जोड) देऊन.

भिंती उघड्याच आहेत तर वायरिंगही बदलून घ्या : दिव्यांना १.५, प्लगना २.५, गीझर-एसीला ४ चौरस मिमी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच. गीझरचा शॉक जिवावर बेतायच्या आत ती पडते. रिनोव्हेशनचा एवढा एकच फायदा झाला तरी खर्च सार्थकी लागला, असं आमचं मत आहे. रिनोव्हेशनऐवजी नवा फ्लॅट घेतला तर स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च वेगळा. जुन्या नाशकातली, शाळा-बाजार पायाखाली असलेली जागा सोडावी लागते ती वेगळीच.

आणि ठेकेदार कोणीही असो, आम्ही असलो तरी, दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. काकूंनी आमची ठेवली होती. ऑक्टोबरात त्यांनी स्टुलावर चढून छत बघितलं, शेवटच्या रेघेच्या बाहेर बोट फिरवलं आणि खाली उतरून चेक लिहिला.