तिसरी फेरी आणि दातातली कळ

आज सकाळी आम्ही चौघं धावायला गेलो होतो. तिसरी फेरी संपवून लेकीने गार पाण्याचा घोट घेतला आणि गालावर हात दाबून ती तिथेच खाली बसली. "बाबा, दातातून कळ गेली!" माझ्या पोटात गोळाच आला.

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरांना दाखवलं. कीड नव्हती. ते म्हणाले, दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, झिजलं किंवा हिरडी मागे सरकली की आतला थर, म्हणजे डेंटिन, उघडा पडतो. त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. गार लागलं की त्यांतला द्रव हलतो आणि नस चेतते. जोर लावून घासणं हे एक कारण. दुसरं, खेळून झाल्यावरचं आंबट स्पोर्ट्स ड्रिंक. ते मीच आणून देत होतो, अंगात ताकद यावी म्हणून. फार वाईट वाटलं.

आता मऊ ब्रश, दातातली कळ कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट (गुण यायला काही आठवडे लागतात) आणि बाटलीत साधं पाणी.

धावणं मात्र सोडायचं नाही. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लेकीने उद्यासाठी बूट आत्ताच दाराशी काढून ठेवलेत.