लाल शाईतल्या नोंदी

गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या संचालकांनी मला बोलावून घेतले. त्यांच्याकडे नवी संगणक प्रणाली येत आहे, जुने कर्मचारी सहकार्य करीत नाहीत, तेव्हा बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाने त्यांना चार गोष्टी समजावून सांगाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. बोलण्याच्या ओघात एका संचालकांनी त्या कर्मचाऱ्यांना 'अडेलतट्टू' म्हटले. तो शब्द माझ्या मनाला लागला, कारण सुमारे वीस वर्षांपूर्वी शाखाधिकारी असताना मीही एका सहकाऱ्याविषयी क्षेत्रीय कार्यालयाला पाठविलेल्या पत्रात त्याच अर्थाचे वाक्य लिहिले होते, आणि ते साफ चुकीचे होते.

बँकांमध्ये संगणक एका रात्रीत आला नाही. इंडियन बँक्स असोसिएशन ही बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबतचा करार १९८३ साली झाला, त्यानंतर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील, बँकांतील संगणकीकरणाबाबतच्या समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि पुढे १९८७ व १९९३ च्या करारांनी यंत्रांची व्याप्ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली. संघटनांनी देशाला मागे ठेवले, असे आज सहज म्हटले जाते. मला ते पटत नाही. कोणाची नोकरी जाणार नाही, यंत्रावर कोण बसेल, त्याला भत्ता मिळेल का, हे प्रश्न कोणीतरी टेबलावर मांडायलाच हवे होते, आणि ते मांडले गेले म्हणूनच हा बदल बराचसा शांतपणे पार पडला.

पुढे केंद्रीय दक्षता आयोगाने बँकांनी आपला सत्तर टक्के व्यवसाय २००१ च्या सुरुवातीपर्यंत संगणकावर आणावा, असा आदेश दिला. आमची तालुक्याच्या गावातली शाखा उरलेल्या तीस टक्क्यांतली होती. तिथे २००५ पर्यंत लेजरच, म्हणजे हाताने लिहायच्या खतावण्याच, चालत होते, आणि त्यानंतर एकदम कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवणारी प्रणाली, येणार होते.

बचत खात्यांची लेजरे ज्यांच्याकडे होती, त्या ज्येष्ठ लिपिकांना शाखेत सगळे काका म्हणत. त्या काळी बचत खात्यावरचे व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर मोजले जाई (रोजच्या शिलकेवर व्याज देण्याची पद्धत १ एप्रिल २०१० पासून आली). सहामाही क्लोजिंगला प्रत्येक पानावरचे सहा महिन्यांचे प्रॉडक्ट, म्हणजे व्याजासाठी लागणारी किमान शिलकांची बेरीज, हाताने काढावे लागे. काका पानावरून नुसती नजर फिरवून किमान शिल्लक सांगत, आणि त्यांचे लेजर पहिल्याच फटक्यात टॅली होई. डिफरन्स लागला, म्हणजे हिशेब जुळेना, की दुसऱ्या शाखांतूनही त्यांना फोन येत. ज्या माणसाला पस्तीस वर्षांच्या कसबाने हा मान मिळवून दिला, त्याला एके सकाळी 'हे आता यंत्र करील' असे सांगितल्यावर त्याच्या पोटात कालवाकालव होणारच, एवढी साधी गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही.

मायग्रेशनसाठी, म्हणजे लेजरमधली खाती संगणकावर नेण्यासाठी, प्रत्येक खात्याची माहिती छापील तक्त्यात भरून त्यावर सही करायची होती. काकांनी चार दिवसांनी तक्ते माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाले, "साहेब, मी यावर सही करणार नाही." माझ्यावर तारखेचा दबाव होता. मी कारण विचारले, पण उत्तर ऐकण्याइतका थांबलो नाही; त्यांच्याकडून लेजरे काढून घेतली, काम एका तरुण लिपिकाला दिले आणि वर पत्र लिहिले.

आठवड्याभराने त्या तरुण लिपिकानेच एक लेजर उघडून माझ्यासमोर धरले. खात्याच्या पानावर, नावाच्या वरच्या कोऱ्या जागेत, लाल शाईत बारीक अक्षरांत लिहिले होते: 'अंगठा. समक्ष ओळख पटवूनच पैसे द्यावेत.' दुसऱ्या पानावर होते: 'खातेदार मयत, वारसांचा अर्ज प्रलंबित.' अशा नोंदी पानोपानी होत्या आणि आमच्या तक्त्यात त्यांच्यासाठी एकही रकाना नव्हता. काकांनी सही नाकारली होती ती यासाठी. ते तक्ते तसेच पुढे गेले असते, तर निरक्षर विधवांची आणि मृतांची खाती कोणत्याही इशाऱ्याविना पडद्यावर आली असती. आमच्या शाखेत त्या बदलाची सर्वांत जास्त काळजी ज्याला होती, त्यालाच मी विरोधक ठरवून बाजूला बसवले होते.

मी काकांच्या घरी गेलो, माफी मागितली आणि क्षेत्रीय कार्यालयाला दुसरे पत्र लिहून पहिले मागे घेतले. तारीख तीन आठवडे पुढे गेली. काकांनी आणि त्या तरुण लिपिकाने मिळून सगळ्या लाल नोंदी तीन फुलस्केप वह्यांत उतरवल्या, आणि संगणक विभागाने त्या पडद्यावर सूचना म्हणून दिसतील अशी सोय करून दिली.

पुष्कळ नंतर माझ्या वाचनात आले की लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजमा कारखान्यात नेमका हाच प्रश्न तपासला होता आणि आपले निष्कर्ष १९४८ साली प्रसिद्ध केले होते. ज्या कामगारांना बदल नुसता कळवला गेला, त्यांच्यापैकी सतरा टक्के पहिल्या चाळीस दिवसांत नोकरी सोडून गेले आणि उत्पादन खालीच राहिले. ज्यांना बदलाची आखणी करतानाच सोबत घेतले, त्यांच्यातले कोणीही गेले नाही आणि त्यांचे काम लवकरच पूर्वीपेक्षा वर गेले. हे वाचताना मला ते परत आलेले तक्ते आठवले.

विरोध म्हणून जे दिसते, त्याच्या पोटात अनेकदा वेगळेच काही असते. आमच्या एका महिला सहकाऱ्यांनी प्रशिक्षणाला जायला नकार दिला, तेव्हा त्यांना संगणक नको आहे असे सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात घरी आजारी सासूबाई होत्या आणि सहा दिवस परगावी राहणे त्यांना शक्य नव्हते. प्रशिक्षकच दोन रविवार शाखेत आले आणि प्रश्न मिटला. शेवटच्या महिन्यात लेजर आणि संगणक दोन्हींवर समांतर काम चालले होते, लोक रात्री नऊपर्यंत थांबत होते; त्या दिवसांतली चिडचिड ही निव्वळ थकव्याची होती.

मात्र काहींचे नुकसान खरेच होते, आणि ते मान्य न करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली होती, त्यामुळे 'कोणाला काही होणार नाही' या आश्वासनावर आमच्याकडे कोणाचा विश्वास नव्हता. आमच्या शिपायांचे रोजचे पहिले काम म्हणजे लेजरे स्ट्राँगरूममधून काउंटरवर आणणे, आणि शेवटचे काम म्हणजे ती परत ठेवणे. ते काम संपणार होते, आणि याबद्दल त्यांच्याशी कोणीही, मीसुद्धा, एक शब्द बोललो नव्हतो.

पतसंस्थेच्या संचालकांना मी सांगितले की कर्मचाऱ्यांसमोर भाषण करायला मी येणार नाही. आधी दोन दिवस त्यांच्या शेजारी बसून ते काम कसे करतात ते पाहीन. त्यांनी होकार दिला आहे. सोमवारी जाणार आहे, आणि जुन्या खतावण्या काढून ठेवायला सांगितल्या आहेत.