व्हर्नियरनं फसवलं

मोटरसायकल गोकाकहून चालवतच आणली होती, म्हणजे सत्तर किलोमीटर तापलेली. जुनी गाडी बघायला आली की मी आधी इंजिनाला हात लावतो. गरम इंजिन सगळं झाकतं. सकाळी चालू व्हायला किती छळते, पहिल्या आवाजाला सायलेन्सरमधून काय निघतं, हे गार असतानाच कळतं. म्हणून विकणाऱ्या पोराला म्हटलं, "लाव तिथं सावलीत. चहा घे, दोन-तीन तास दम काढ."

बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ माझं गॅरेज. घेणारे ओळखीतले. बाप उद्यमबागेत लेथवर तीस वर्षं काढलेला टर्नर, मुलगा इंजिनिअरिंगला. पोराला यामाहाची स्पोर्ट्‌स बाईक आर-15 हवी होती, तीही व्ही-3, म्हणजे तिसरी आवृत्ती. आधी कोल्हापूरची एक एमएच-09 बघून आला होता, पंधरा हजारांनी स्वस्त. मीच नको म्हटलं. तिकडची एनओसी, इकडचा लाईफटाईम टॅक्स, वर नवा नंबर. वाचलेले पैसे आरटीओच्या दारातच संपले असते. सीमेवर राहणाऱ्याला हे सांगावं लागू नये, पण पोराला रंग आवडला होता.

गोकाकची ही गाडी केए-22, 2018ची, तिसरा मालक. मीटरवर 14,380. मागणी पंच्याण्णव हजार.

इंजिन गार होईपर्यंत मी फेअरिंग उतरवलं. स्पोर्ट्‌स बाईकचं प्लास्टिक म्हणजे लग्नातला फेटा, खालचं टक्कल दिसू देत नाही. हँडल जिथं अडतं तो चेसिसवरचा स्टॉपर बघितला. जोरात पडलेल्या गाडीचा तो चेपतो, हा शाबूत होता. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं. कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला असला की बरोबर मधोमध खटका लागतो, लागला नाही. चेन-स्पॉकेट नवंकोरं. मागच्या टायरच्या कडेला 2223, म्हणजे 2023च्या बाविसाव्या आठवड्यातला. ग्रिप नवे, गिअरच्या दांडीचं रबर नवं, ब्रेक पॅड नवे. मी मनात एकेक गुण देत चाललो होतो.

पुढच्या ब्रेकची डिस्क व्हर्नियरनं, म्हणजे जाडी मोजायच्या जबड्यांच्या पट्टीनं मोजली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्यावर चांगला अर्धा मिलीमीटर शिल्लक निघाला, म्हणजे जवळपास नवीच.

"पोरानं गाडी जपलीय," मी म्हटलं. "घ्या बिनधास्त."

तेवढ्यात पहिली पाळी सोडून टर्नर आला. कपड्यांना कूलंटचा वास, वरच्या खिशात मायक्रोमीटर, व्हर्नियरपेक्षा बारीक मोजणारा. त्यानं गाडीकडे बघितलंच नाही, माझ्या हातातल्या व्हर्नियरकडे बघितलं.

"मिस्त्री, कुठं धरलासा ह्यो?"

मी दाखवलं. त्यानं डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख आत ओढलं. खट्ट. पुन्हा दुसऱ्या बाजूनं. खट्ट.

पॅड अगदी काठापर्यंत घासत नाही, त्यामुळे काठावर न झिजलेली बारीक कड उभी राहते. माझ्या व्हर्नियरचे लांब जबडे दोन्हीकडून त्या कडांवर टेकले होते. मी डिस्कची झीज मोजलीच नव्हती, ती कारखान्यातून निघाली तेव्हाची जाडी मोजली होती! टर्नरनं मायक्रोमीटर कडेच्या आत सरकवला, रॅचेट तीनदा कटकटलं. चार ठिकाणी मोजून झाल्यावर म्हणाला, "किमानाच्या वर एक दशांश मिलीमीटर. एवढंच ऱ्हायलंय."

पंचवीस वर्षं पाने फिरवणाऱ्या माणसाला हे त्याच्याच दारात ऐकावं लागलं.

"घाटात चालवली असेल," मी उगाच बाजू धरली. चोर्ल्यातून गोव्याला पळणारी पोरं ब्रेक खातात, हे काही खोटं नाही.

"असंल की. मग चेन का बदलली चौदा हजारात?"

इथं मी गप्प झालो. वंगण घालून सांभाळलेला चेनचा सेट वीस-पंचवीस हजार सहज जातो. ग्रिप, रबर, टायर, चेन. ज्या ज्या नव्या वस्तूला मी गुण दिला, ती प्रत्येक वस्तू जुनी होऊन फेकली गेली होती. डिस्क तेवढी राहिली, कारण ती महाग आणि कुणी बघत नाही. त्यात गाडी 2018ची, एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला की चाक जाम होऊ न देणारी सोय नाही. 125 सीसीवरच्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल 2019पासून. अशा गाडीचे ब्रेक तर दोनदा बघायला हवे होते.

डिजिटल मीटर मागे फिरत नाही, असं अजून पुष्कळांना वाटतं. आकडा एका छोट्या चिपमध्ये असतो. मशीन लावून तो हवा तेवढा करतात, नाहीतर भंगारातल्या गाडीचं मीटरच आणून बसवतात.

गोकाकचं पोर ऐकत होतं. त्याचा चेहरा बघून मला कळलं, हे त्याचं काम नव्हे. "नंगू गोत्तिल्रि अण्णा," मलाही माहीत नाही, एवढंच कन्नडमध्ये म्हणाला, मग मोडक्या मराठीत: दोन वर्षांपूर्वी घेतली तेव्हा मीटर नऊ हजार होतं. ज्याच्याकडून घेतली त्याला त्यानं तिथूनच फोन लावला. बंद. मी म्हटलं, चेसिस नंबर दे आणि कंपनीच्या सर्व्हिसला विचार, तू मालक आहेस. अर्ध्या तासानं उत्तर आलं. 2021च्या जॉबकार्डवर 31,200.

टर्नरनं खडूनं फरशीवर हिशेब मांडला. एकतीस दोनशे, वर ह्याचे पाच हजार, मधल्या दोन वर्षांचे देव जाणे. "चाळीस धरा," म्हणाला.

मला वाटलं, आता उठेल. तो उठून गाडीपाशी गेला आणि इंजिनाला हात लावला. गार.

पहिल्याच दाबाला चालू झाली. धूर नाही. मी प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर लावलं, थ्रॉटल पूर्ण उघडून चारदा मोजलं. काटा चारही वेळा एकाच जागी. मच्छे गावापर्यंत चक्कर मारली. 7,400 आरपीएमला व्हीव्हीए, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडणारी सोय लागते, तिथं ओढ स्वच्छ बदलली. थ्रॉटल एकदम सोडून आरशात बघितलं, निळं काही नाही. इंजिन चाळीस हजाराचं होतं आणि चांगल्या चाळीस हजाराचं होतं.

"आता चाळीसच्या गाडीचा भाव सांग," टर्नर त्या पोराला म्हणाला, आवाज न चढवता. अडुसष्टवर तुटलं, नवी डिस्क घेणाऱ्याची. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. सीटखाली टर्नरनं कागदी टेप चिकटवली आणि मार्करनं लिहिलं: "31,200 – 2021". मुलगा म्हणाला, "पप्पा, विकताना अडचण येईल की." बापानं टेप अंगठ्यानं आणखी दाबली.

जाताना मला विचारलं, तपासणीचे किती? मी काही नको म्हटलं. त्यानंही आग्रह केला नाही.