पाटी निघाली

आज घरापुढची ‘फॉर सेल’ची पाटी निघाली. घर विकलं म्हणून नाही, एजंटबाईंशी केलेला करार मोडला म्हणून.

न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं आमचं घर. करार सहा महिन्यांचा, त्यातले चार गेले. फोटो अंधारे, ओपन हाउस (कुणीही येऊन घर बघावं असा दिवस) एकच, फोनला उत्तर तिसऱ्या दिवशी. आणि सल्ला दर वेळी तोच, किंमत उतरवा! मी रागारागात बाईंनाच मेसेज टाकणार होतो. बायको म्हणाली, “आधी कागद वाच.” (सही करताना कोण वाचतं?)

वाचला. करार बाईंशी नव्हताच, त्या जिच्यासाठी काम करतात त्या ब्रोकर कंपनीशी होता. मग कंपनीलाच लेखी ईमेल केला, तारखांसकट. आठवड्याभरात करारमुक्तीचा कागद आला. त्यात एक खोच होती: बाईंनी घर दाखवलेल्यांपैकी कुणी 90 दिवसांत ते घेतलं, तर कमिशन कंपनीचंच. म्हटलं, ठीक आहे, पण त्या लोकांची यादी द्या. सातच नावं निघाली. त्यातली दोन आमच्याच मराठी मंडळातली, घर बघायला कमी नि चहाला जास्त आलेली.

हिरवळीवर खांबाचं भोक राहिलंय. उद्या माती घालतो.