फ्लीसच्या पाठीचं कार्पेट आणि आत्यांची अट

डिसेंबरात ग्वाल्हेरच्या दगडी पटियांवर, म्हणजे फरशांवर, कुणी पाच मिनिटं अनवाणी उभं राहून दाखवावं, मग कार्पेटवर एवढे पैसे का घातले असं मला विचारावं. आमचं घर शहरातल्या लष्कर नावाच्या भागात, जुन्या बांधणीचं. वरच्या मोठ्या खोलीत आत्या गाणं शिकवतात. आजवर सतरंजीवर सतरंजी टाकून भागवलं, पण खालून गारठा चढायचा तो चढायचाच. डिसेंबरातल्या तानसेन समारोहाच्या, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाच्या, आधी खोली तयार हवी असं आत्यांनी जाहीर केलं आणि एक अट घातली: ‘‘सूनबाई, दगडाला एकही खिळा लागता कामा नये.’’

त्या अटीनं निम्मा निर्णय होऊन गेला. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या कार्पेटची नेहमीची पद्धत म्हणजे कडेनं ग्रिपरच्या खिळेदार पट्ट्या ठोकायच्या, मध्ये फोम अंथरायचा आणि कार्पेट ताणून खिळ्यांत अडकवायचं. ते बाद. राहिलं फ्लीसच्या पाठीचं कार्पेट. याच्या खाली नमद्यासारखा मऊ थर कारखान्यातच चिकटवलेला असतो, त्यामुळे वेगळा फोम लागत नाही. पटियांच्या सांध्यांमधला थोडा उंचसखलपणा तो थर पोटात घेतो, आणि कडेनं दोन्ही बाजूंनी चिकटणारी कापडी टेप लावली तरी कार्पेट जागचं हलत नाही. दुकानदार सगळीकडे डिंक फासायला सांगत होता. मी नाही म्हटलं. पक्क्या डिंकावरून असं कार्पेट पुढे कधी उचललं की फ्लीस मधूनच फाटतो, त्याचे पुंजके फरशीला चिकटून राहतात आणि मग पत्र्यानं खरवडत बसावं लागतं.

आता माप. खोली पंधरा फूट बाय अठरा आणि रोल बारा फूट रुंद. म्हणजे तीन फुटांची पट्टी जोडायचीच. सरळ हिशोबानं अठरा फुटांचे दोन तुकडे घ्यायचे, पण मग नऊ फूट रुंदीचा माल वाया. त्याऐवजी मी अठरा फूट आणि वर नऊ फूट, शिवाय कापण्यासाठी थोडं जास्त, असं अठ्ठावीस फूट घेतलं. नऊ फुटांच्या तुकड्यातून तीन-सव्वातीन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या काढून एकीपुढे एक लावल्या. त्यात एक आडवा जोड वाढला, पण तो थेट कपाटाखाली गेला. उरलेला तुकडा आत्यांच्या पलंगापाशी.

हे जमतं ते लव, म्हणजे कार्पेटच्या वरचे उभे केस, एकाच दिशेला राहते म्हणून. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूनं बाण काढा, कारण कापल्यावर कुठला तुकडा कसा होता हे कुणालाही आठवत नाही. एक जरी उलटा लागला तरी तो जन्मभर वेगळ्या रंगाचा दिसतो, मग सांधा कितीही बेमालूम असो. लांब सांधा मी दाराच्या वाटेत येऊ दिला नाही, आणि खिडकीचा उजेड त्याच्या लांबीच्या दिशेनं पडेल असा ठेवला. उजेड आडवा आला की बारीकशीही उंची सावली पाडते.

कारीगर महाराज बाड्याच्या बाजाराकडचा, हात अनुभवी, पण सगळा अनुभव जाळीच्या पाठीचा, म्हणजे खाली भोकाभोकांचं विणलेलं कापड असलेल्या कार्पेटचा. ‘‘बहनजी, जॉइंट तो जॉइंट है,’’ म्हणत त्यानं सांध्याखालची गोंदाची पट्टी वितळवायची इस्त्री तापवायला लावली. मी म्हटलं, आधी कातरणीतले दोन तुकडे जोडून दाखव. त्यानं सवयीच्या वेगानं इस्त्री फिरवली, वरून हात दाबला, झकास दिसलं. गार झाल्यावर मी दोन्ही टोकं धरून ओढली, तर सांधा सोललाच. पट्टीवरच्या गोंदाला फ्लीसचे केस तेवढे लागले होते, खालच्या थरापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं.

कारण उघड आहे. जोडाची पट्टी गोंदाची बाजू वर ठेवून दोन्ही कडांखाली सरकवतात, त्यावरून इस्त्री जाते आणि तिच्या मागे कार्पेट वितळलेल्या गोंदावर बसतं. जाळीच्या पाठीत गोंद भोकांत शिरतो आणि धरतो. फ्लीसमध्ये भोकं नाहीत, केस आहेत, आणि तेही उष्णता अडवणारे. कारीगराचा उपाय होता आच वाढवायची. ते मात्र धोक्याचं. या कार्पेटच्या पाठीत पॉलीप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक आहे आणि ते साधारण १६० अंश सेल्सियसला वितळतं. मग आच तीच ठेवून हात संथ केला, गोंद पुरता पातळ होईपर्यंत थांबलो आणि बसलेल्या भागावर लगेच गुळगुळीत लाकडी फळी ठेवून तिच्यावर पाट्याचा दगड ठेवला. फळीनं दोन कामं होतात: केस गोंदात दाबले जातात आणि उष्णता वर ओढली जाते, त्यामुळे जोड सपाट राहून थिजतो. दुसरा नमुना ओढून पाहिला, तेव्हा फ्लीस फाटायला लागला पण जोड सुटला नाही. तोवर कारीगरानं बहनजी म्हणणं सोडून मॅडम म्हणायला सुरुवात केली होती.

खरी कसोटी मात्र इस्त्रीची नाहीच, कापण्याची. जाळीच्या पाठीवर रेघ ओढून मागून कापता येतं. फ्लीसवर रेघच दिसत नाही आणि तो पात्याखाली सरकतो. म्हणून वरून कापायचं. कारखान्यातून आलेल्या कडेपासून दीड इंच आत बोथट स्क्रूड्रायव्हर लवेच्या दोन ओळींच्या मधून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला, तेव्हा लवेचे केस दोन्हीकडे झाले आणि मध्ये दोऱ्याएवढी वाट उघडली. त्या वाटेनं कटर गेला तर एकही केस तुटत नाही. पातं मात्र पुन्हा पुन्हा बदलावं लागतं. फ्लीस पात्याची धार खातो, आणि बोथट पातं कापण्याऐवजी केस ओढून बाहेर काढतं. कपाटाखालच्या आडव्या जोडाला ओळ मिळत नाही, तिथे लोखंडी पट्टी धरून अंदाजानंच कापलं. दिसतो तो जोड, पण पाहायला कपाट हलवावं लागेल.

कापल्यावर कडेला फ्लीसचे केस बाहेर डोकावतात. ते कात्रीनं तिरके छाटले आणि कापलेल्या कडेला, लवेच्या मुळाशी, लेटेक्सचा, म्हणजे रबरी चिकाचा, बारीक हात फिरवून वाळू दिला. कारीगराला हा फालतू वेळ वाटत होता. पण पाठीचे थर सुटायला लागतात ते इथूनच, आणि लवेचे केसही इथूनच गळतात.

आत्या दारात खुर्ची टाकून हे सगळं पाहत होत्या. इथल्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधलं कार्पेट तुरुंगातल्या कैद्यांनी बारा वर्षं विणलं असं सांगतात. आत्यांनी ते कारीगराला ऐकवलं आणि विचारलं, ‘‘आणि तुला एका सांध्याला संध्याकाळ?’’ तो हसला, पण त्यानंतर फळी उचलायची घाई त्यानं एकदाही केली नाही.

कडेची टेप सोपी गेली. फक्त दगड आधी घट्ट पिळलेल्या कपड्यानं पुसून पुरता वाळू द्यायला हवा, नाहीतर ती धुळीलाच चिकटते. थंडीत आखडलेला रोल आदल्या दिवशीच खोलीत उलगडून ठेवला होता, म्हणून कोपरे उठले नाहीत. दार तेवढं अडलं. कार्पेटच्या जाडीचा हिशोब खोलीत केला जातो, दारात कुणी करत नाही. शेवटी सुतारानं खालची कड रंधली, आणि त्याची तारीख मिळायला कारीगराच्या सगळ्या कामापेक्षा जास्त वेळ गेला.