बीपीसाठी लघवी कायले?

"बीपी त हाताले पट्टा बांधून पाह्यता, मंग लघवी कायले पायजे, बाई?"

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बीपी आणि किडनी तपासायला गावोगाव फिरताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. ओसरीवर रांगेत बसलेल्या बाया लघवीची डबी पदराआड धरतात, लाजतात. रांग मोठी असते म्हणून मी दोन वाक्यांत उत्तर उरकते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

किडनी म्हणजे नुसती चाळणी, असं आपल्याला वाटतं. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या मुठीएवढ्या दोन अवयवांकडे जातो. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लिटर-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतला जातो. परत घेताना मीठ किती ठेवायचं, ते किडनी ठरवते. मीठ राहिलं की पाणी राहतं, पाणी राहिलं की दाब चढतो. १८९८ साली टिगरस्टेट आणि बर्गमन या शास्त्रज्ञांनी सशाच्या किडनीचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला, तर त्याचा बीपी वाढला. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी रेनिन नाव दिलं. म्हणजे वाढलेला बीपी किडनी खराब करतो आणि खराब किडनी बीपी आणखी वाढवते. पट्टा बांधून मला दाबाचा आकडा मिळतो. हे चक्र सुरू झालंय का, ते लघवीत उतरणाऱ्या अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनावरून समजतं.

हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं, तरी चुकले.

संशोधनाला लागले तेव्हा आम्ही फक्त बीपी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, तपासायचो. एक साठीची बाई आली होती. आयुष्यभर निंदण आणि कापूस वेचणी, वजन ३८ किलो. बीपी वाढलेला, क्रिएटिनिन १.१. प्रयोगशाळेच्या कागदावर १.२ पर्यंत ठीक असं छापलेलं होतं. मी तिला बीपीची गोळी लिहून दिली आणि म्हटलं, "मावशी, किडनी चांगली आहे." दोन वर्षांनी ती पाय सुजून, धापा टाकत आली.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत. अंगावर मांसच नसेल तर ते मुळात कमी बनतं, आणि किडनी अर्धी गेली तरी आकडा साळसूद दिसतो. साठीच्या बाईला १.१ म्हणजे क्रिएटिनिनवरून हिशोब करणाऱ्या, आज वापरात असलेल्या सूत्रानेही किडनीचं गाळण्याचं काम मिनिटाला ६० मिलिलिटरच्या खाली, म्हणजे कमीच येतं, आणि ती सूत्रं तर बहुतेक पाश्चात्त्य देशांतल्या भरल्या अंगाच्या माणसांवरून बांधलेली आहेत. त्या रात्री मी जुनी रजिस्टरं काढून बसले. अशा किती जणींना मी "चांगली आहे" म्हटलं होतं, ते मोजवत नव्हतं. तेव्हापासून कृश शेतमजुरांची किडनी नेमकी कशी मोजावी, हाच माझा विषय झाला. बीपीचा पट्टासुद्धा त्यांच्या दंडाला मोठा होतो आणि आकडा कमी दाखवतो, म्हणून आम्ही लहान पट्टे सोबत ठेवतो.

लोक सगळा दोष विहिरीच्या खाऱ्या पाण्याला देतात. पाण्याची तक्रार खरी आहे, त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण उन्हात पाण्याविना काढलेले दिवस आणि अंग दुखलं की मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी, यांच्याकडेही मला तितक्याच काळजीनं पाहावंसं वाटतं. ती दुखण्याची गोळी किडनीकडे जाणारं रक्त कमी करते.

आणि दुसरा प्रश्न, "मले काईच होत नाही, मंग रोज गोयी कायले?" किडनी दुखत नाही, म्हणून. अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टनसारखी गोळी बीपी उतरवतेच, शिवाय किडनीच्या गाळणीतला दाबही कमी करते. आकडा बरा आला म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. सुरू केल्यावर मात्र पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला यावं लागतं.

डबीत सकाळची पहिली लघवी आणा. वेचणीला निघण्याआधी या, मी सहापासून ओसरीवर बसलेली असते. बीपी पाहायच्या आधी पाच मिनिटं टेकून बसा, तेवढ्यात डबीवर तुमचं नाव लिहून होईल.